चुकीचा माग कसा काढावा?

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थी पायथन भाषेतील जो पहिला लांबीचा प्रोग्राम लिहितात, तो बहुधा पाढ्यांचा असतो. ‘कोणत्या संख्येपासून?’ आणि ‘कोणत्या संख्येपर्यंत?’ असे दोन प्रश्न संगणक विचारतो व त्यांमधील सर्व पाढे छापतो. फळ्यावरून उतरवून घेतला तर हा प्रोग्राम बिनचूक चालतो. स्वतः लिहिला की अडतो. पडद्यावर लाल अक्षरे उमटताच काही मुले ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवून खुर्ची मागे सारतात. वसतिगृहातील अनेक मुले आपल्या घरातील संगणक हाताळणारी पहिलीच आहेत. त्यांच्यासाठी हा निष्कर्ष फार महाग पडतो. म्हणून चूक शोधण्याची रीत आम्ही माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडीत आहोत.

या प्रोग्रामचा गाभा म्हणजे लूपच्या आत लूप. सोलापूरकरांना ही कल्पना परकी नाही. जकार्ड मागावर चादर विणताना प्रत्येक आडव्या धाग्यासाठी कोणते उभे धागे उचलायचे, हे नव्याने ठरते. आडवा धागा ही बाहेरील लूपची एक फेरी. तिच्यात सर्व उभ्या धाग्यांचा विचार हा आतील लूप. फ्रान्समध्ये जकार यांनी १८०४ च्या सुमारास हा निर्णय छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविला. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तशीच कार्डे योजिली. संगणकाच्या इतिहासात मागाला असे मानाचे स्थान आहे.

आता २ पासून ५ पर्यंतचे पाढे घेऊ. बाहेरील लूप २, ३, ४, ५ या संख्या घेईल. आतील लूप दर वेळी १ ते १० मोजेल. चार पाढे, प्रत्येकी दहा ओळी, एकूण ४० ओळी. प्रोग्राम चालविण्यापूर्वीच हा आकडा वहीत लिहून ठेवावा. अपेक्षा ठाऊक नसेल तर चूक ओळखणार कशी?

पहिली चूक इनपुटची. कळफलकावरून आलेला ‘२’ पायथन संख्या मानीत नाही, अक्षर मानतो. ‘इंट’ या आज्ञेने त्याची संख्या केली नाही तर लूप नकार देतो व लाल संदेश येतो. त्या संदेशाची शेवटची ओळ चुकीचा प्रकार सांगते, वरच्या ओळी तिचे ठिकाण. तो संदेश म्हणजे फटकार नव्हे, पत्ता होय. मात्र काही चुका मुक्या असतात. अक्षररूपातील ‘७’ ला ३ ने गुणले, तर २१ ऐवजी ७७७ छापले जाते आणि तक्रार कोणीच करीत नाही.

दुसरी चूक मोजणीची. ४० ऐवजी २७ ओळी आल्या, तर २७ चे अवयव पाहावेत : ३ गुणिले ९. म्हणजे एक पाढा कमी आणि प्रत्येक पाढ्यात एक ओळ कमी. पायथनच्या ‘रेंज’मध्ये शेवटची संख्या धरली जात नाही, दोन्ही लूपांत शेवटच्या संख्येत १ मिळविला की ४० ओळी पुऱ्या होतात.

तिसरी चूक ‘व्हाइल’ लूप वापरणाऱ्यांची. २ चा पाढा पूर्ण येतो, पुढचे मुळीच येत नाहीत. आतील मोजणी १ पासून सुरू करण्याची ओळ बाहेरील लूपच्या आधी लिहिली गेल्याने असे घडते. पहिल्या फेरीअखेर मोजणी ११ वर पोहोचते आणि तेथेच राहते. ती ओळ बाहेरील लूपच्या आत, आतील लूपच्या आधी हवी.

चौथी चूक वापरणाऱ्याला गृहीत धरण्याची. कोणी ‘पाच’ असे अक्षरी लिहील, कोणी काहीच न लिहिता एंटर दाबील. प्रोग्राम तेथेच थांबेल. देवनागरी ‘५’ मात्र पायथनची ‘इंट’ आज्ञा स्वीकारते, हे मुलांना आवर्जून सांगावे. कोणी ५ पासून २ पर्यंत मागितले, तर काहीच छापले जात नाही व संदेशही येत नाही. म्हणून उत्तर तपासून, योग्य उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारणारा लूप आधी लिहावा.

या सर्वांवर एकच रीत लागू पडते. इनपुट लहान घ्यावे; वहीत बाहेरील मोजणी, आतील मोजणी व छापलेली ओळ असे तीन रकाने आखून प्रत्येक फेरी हाताने चालवावी; एका वेळी एकच बदल करावा.

अशा चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकात सापडलेला पतंग नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. पण एडिसन यांनी १८७८ मध्येच यंत्रातील दोषासाठी तो वापरला होता. तात्पर्य, निष्णात माणसांच्या यंत्रांतही दोष निघत आले आहेत. ते शोधणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेत आलात आणि एखादे मूल अडलेले दिसले, तर कळफलक आपल्या हाती घेऊ नका. ‘काय यायला हवे होते आणि काय आले?’ एवढेच विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.