परदेशी शिकवायला जाताना (भाग ५) : नोकरी एकाची, स्थलांतर दोघांचं

गेल्या आठवड्यात आपण शाळेचं करारपत्र ओळीओळीने कसं वाचायचं ते पाहिलं. त्या करारात शिक्षकाच्या जोडीदाराबद्दल फार तर दोन ओळी असतात : तिकीट मिळेल का आणि आरोग्य विमा मिळेल का. जोडीदाराच्या नोकरीबद्दल मात्र अवाक्षर नसतं, कारण शाळेच्या दृष्टीने तो तिचा प्रश्नच नाही. घराच्या दृष्टीने मात्र तो पहिला प्रश्न आहे. इथून दोन मिळवती माणसं निघतात आणि तिथे पोहोचल्यावर एकाच्याच हाताला काम राहतं. मग पहिल्या सहा महिन्यांतली सगळी चिडचिड, सगळी काटकसर आणि ‘आलो कशाला’ हा सवाल, सारं त्या रिकाम्या हातांपाशी येऊन थांबतं. म्हणून माझं सांगणं असं : ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका. शाळेला होकार कळवण्याआधी जोडीदाराच्या कामाचं काय, हे दोघांनाही स्वच्छ माहीत हवं.

समजा, नाशिकचं एक जोडपं आहे. ती सीबीएसई शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, बी.एस्सी., बी.एड. आणि दहा वर्षांचा अनुभव. तो एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात आहे. मुलगी दुसरीत. तिच्यापुढे तीन वाटा आहेत : इंग्लंड, दुबई आणि अमेरिका. तिच्या नोकरीच्या दृष्टीने तिन्ही चांगल्या. त्याच्या नोकरीच्या दृष्टीने मात्र तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

इंग्लंड : कामाचा हक्क व्हिसासोबतच

१ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देश-प्रदेशांतल्या शिक्षकांना इंग्लंडमधल्या ‘क्यूटीएस’ या शिक्षक-पात्रतेसाठी इथूनच अर्ज करता येतो. भारतीयांसाठी अट अशी की, पात्रता ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा ठरावीक परदेशी भाषा शिकवण्याची हवी. आपली विज्ञानाची शिक्षिका त्यात बसते. शाळेने तिला ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर घेतलं, तर नवऱ्याला तिच्या व्हिसावर जाता येतं आणि जवळपास कुठलंही काम करता येतं. वेगळा परवाना नको, मालकाची स्पॉन्सरशिप नको. एक नोकरी सोडून दुसरी धरायलाही मोकळीक.

पण हा हक्क त्या विशिष्ट व्हिसाचा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘आधी वर्षभराचं एम.ए. करा, मग शाळा मिळेल’ असं सांगणारे सल्लागार भेटतात. जानेवारी २०२४ पासून अशा शिकवणीप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना जोडीदार नेता येत नाही. वर्गसहायकाच्या नोकरीचं आमिष दाखवलं जातं, तिथेही सावध राहा. पदवीपातळीखालच्या कामांना २२ जुलै २०२५ पासून बहुतेक वेळा नवा व्हिसाच मिळत नाही, आणि जिथे मिळतो तिथे कुटुंब नेता येत नाही.

आता खर्च. आरोग्य अधिभार प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आहे, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. तीन वर्षांच्या व्हिसासाठी या तिघांचे ८,५३८ पौंड होतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास. व्हिसाचं शुल्क त्याहून वेगळं. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर पूर्ण पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा वार्षिक पगार ३२,९१६ पौंड आहे. तिचा अनुभव धरून शाळेने वरची पायरी दिली तर उत्तमच. ती आधीच मागून घ्यायची असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की, दुसरा पगार ही चैन नव्हे, हे लगेच दिसतं.

मग त्याला काम मिळेल का? हक्क असणं निराळं आणि मागणी असणं निराळं. जमाखर्चाची तत्त्वं तीच असली, तरी त्याचं टॅली, जीएसटी आणि सहकार कायद्याचं ज्ञान तिथे थेट कामी येत नाही. पगारपत्रकं, बिलांची नोंद, वसुली अशा कामांपासून सुरुवात करावी लागते, आणि एएटी किंवा एसीसीए या तिथल्या लेखापालांच्या परीक्षा हाताशी असल्या तर दार लवकर उघडतं. एसीसीएच्या परीक्षा भारतात बसून देता येतात. म्हणजे तिची मुलाखतींची धावपळ चालू असतानाच त्याने अभ्यासाला लागायला हवं.

दुबई : हक्क आहे, पण दर वेगळा

संयुक्त अरब अमिरातीत पती किंवा पत्नीच्या स्पॉन्सरशिपवर राहणाऱ्याला नोकरी करता येते. राहण्याचा व्हिसा जोडीदाराच्याच नावावर राहतो; नव्या मालकाने फक्त कामगार मंत्रालयाचं वर्क परमिट काढायचं असतं. ते हातात येण्याआधी एक दिवसही काम करू नये. व्हिजिट व्हिसावर ‘ट्रायल’ म्हणून राबवून घेणारे असतात. तो गुन्हा आहे, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना काम देणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या जोडप्यातल्या नवऱ्याला दुबई सोपी जाईल. तिथल्या भारतीय व्यापारी पेढ्यांत टॅली सर्रास वापरतात. १ जानेवारी २०१८ पासून तिथे पाच टक्के व्हॅट लागू आहे, त्यामुळे जीएसटीची विवरणपत्रं भरलेल्या माणसाला ते काम परकं वाटत नाही. बायकोलाही नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं. पण पगाराची अट आणि लागणारे कागद अमिरातीगणिक बदलतात, म्हणून शाळेच्या पीआरओकडून, म्हणजे व्हिसाचे कागद पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, ते लेखी मागून घ्या.

दोघंही शिक्षक असतील, तर मात्र इथे एक बारीक गोष्ट आहे. भारतातून नेमलेल्या शिक्षकाला ‘ओव्हरसीज हायर’ म्हणतात. त्याला घर किंवा घरभाडं आणि वार्षिक तिकीट मिळण्याची शक्यता बरीच. जो आधीच जोडीदाराच्या व्हिसावर तिथे राहतो, तो ‘लोकल हायर’. बऱ्याच शाळांच्या जाहिरातींत ‘हजबंड व्हिसा असल्यास प्राधान्य’ असं उघड लिहिलेलं असतं, कारण व्हिसा, घर आणि तिकीट या तिन्हींचा खर्च वाचतो. तोच वर्ग, तीच पदवी, तेवढाच अनुभव. पण एकूण मोबदला कमी. म्हणून शिक्षक जोडप्याने एकामागून एक नव्हे, दोघांनी एकत्र अर्ज करावा आणि पहिल्याच पत्रात तसं स्पष्ट लिहावं. आंतरराष्ट्रीय शाळांना जोडपी हवीच असतात, कारण एका घरात दोन शिक्षक राहतात. धोका एवढाच की, त्या एका शाळेशी बिनसलं तर दोन्ही पगार एकदम जातात. तेव्हा दोघांचे करार वेगवेगळे आणि स्वतंत्र मुदतींचे आहेत ना, ते तपासा.

घरी राहून शिकवण्या घेण्याचा विचारही अनेक जण करतात. पूर्वी ते चोरूनच चालायचं. डिसेंबर २०२३ पासून अमिरातीत खासगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा विनाशुल्क परवाना मिळतो, आणि तो नोकरी नसलेल्या व्यक्तीलाही काढता येतो. शिक्षक जोडीदारासाठी ही पहिल्या दिवसापासूनची सरळ वाट आहे.

अमेरिका : सगळं व्हिसाच्या अक्षरावर

अमेरिकेतल्या सरकारी शाळा परदेशी शिक्षकांना मुख्यतः दोन वाटांनी घेतात. पहिली ‘जे-१’ ही देवाणघेवाणीची : तीन वर्षं, आणि पुढे जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ. तिच्या जोडीदाराला ‘जे-२’ मिळतो. जे-२ वर काम करता येतं, पण अमेरिकेत पोहोचल्यावर अर्ज करून कामाचं परवानापत्र हाती आल्यावरच. त्यात काही महिने सहज जातात. शिवाय ही कमाई जे-१ शिक्षकाच्या निर्वाहासाठी लागते, असं अर्जात दाखवून चालत नाही. म्हणजे घर तिच्या एकटीच्या पगारात चालतं, असं कागदावर दिसलं पाहिजे. तिचा कार्यक्रम संपला की त्याचा परवानाही संपतो.

दुसरी वाट ‘एच-१बी’ची. तिच्या जोडीदाराला ‘एच-४’ मिळतो आणि त्यावर सहसा काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून अपवाद आहे, पण तो प्रामुख्याने ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा टप्पा मंजूर झालेल्यांच्या जोडीदारांसाठी. तिथवर पोहोचायला वर्षं लागतात, आणि शाळा ती प्रक्रिया सुरू करेलच याची खात्री नसते. त्यातच सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. सरकारी शाळांना हा आकडा पेलणं अवघड आहे. म्हणून शाळेला पहिला प्रश्न पगाराचा नको, व्हिसाचा हवा : जे की एच?

दोघांचे कागद एकाच वेळी

तयारीत हमखास होणारी चूक म्हणजे फक्त शिक्षकाचे कागद साक्षांकित करून निघणं. जोडीदाराची पदवी, गुणपत्रिका आणि अनुभवपत्रं कपाटात राहतात. चार महिन्यांनी नोकरीची संधी आली की सासऱ्यांना मंत्रालयाच्या खेपा घालाव्या लागतात. भारत २००५ मध्ये अपोस्टील करारात आला. ब्रिटन आणि अमेरिका त्यात आहेत, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का चालतो. अमिरात त्या करारात नाही. तिथे राज्य, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं, अशी साखळी पूर्ण करावी लागते.

विवाह नोंदणीचा दाखलाही याच रांगेत. त्याच्याशिवाय जोडीदाराचा व्हिसा पुढे सरकत नाही. नुसती लग्नाची पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. आपल्याकडे नावांचा घोळ ठरलेला. बाईंच्या पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, बँकेत तिसरंच. परदेशातल्या अधिकाऱ्याच्या लेखी या तीन वेगळ्या बायका ठरतात. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाह दाखला सोबत ठेवा. नाव बदललंच नसेल तर आता मुद्दाम बदलू नका, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

अनुभवपत्राकडेही नीट पाहा. आपल्या सहकारी बँका, पतसंस्था आणि अनुदानित शाळा ते बहुधा मराठीत देतात. पद, कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं लेटरहेडवर इंग्रजीत मागून घ्या; जमत नसेल तर प्रमाणित भाषांतर करा. नोकरीत असताना साहेब हे पत्र हसत देतात. राजीनाम्यानंतर दोन वर्षांनी मागायला गेलं तर साहेबच बदललेले असतात.

मनाची तयारी

नवरा बायकोच्या व्हिसावर गेला की नातेवाइकांत कुजबुज होते. बायको नवऱ्याच्या व्हिसावर गेली, तर तिची दहा वर्षांची नोकरी सुटल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही गोष्टी जिव्हारी लागतात, म्हणून त्या निघण्याआधीच मोकळेपणाने बोलाव्यात. किती महिने कामाशिवाय काढायची तयारी आहे? कुठलं काम चालेल आणि कुठलं नाही? मुलीची शाळा सुटल्यावर तिला कोण आणणार? तेवढ्या महिन्यांत नोकरी लागलीच नाही तर पुढे काय? शक्य असेल तर जोडीदाराने लगेच राजीनामा देऊ नये. बिनपगारी रजा मागावी, किंवा पहिलं सत्र इथेच काढून मागून जावं. घर लागेपर्यंत तिकडचा खर्चही आटोक्यात राहतो.

एजंटाकडून जात असाल, तर त्याची नोंद ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘नवऱ्याचीही नोकरी लावून देतो’ असं तो म्हणाला, तर त्या नोकरीचं स्वतंत्र नियुक्तिपत्र मागा. ते नसेल तर ती नोकरीही नाही, असं समजून चाला.

व्हिसाचे नियम दर वर्षी बदलतात. म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचा, दोघांनी मिळून. हिशेब एका पगारावर मांडा. त्यात एक वर्ष निभावत असेल तरच निघा. आणि दोन देशांतून एक निवडायची वेळ आली, तर थोडा कमी पगार देणारा, पण दोघांनाही काम करू देणारा देश निवडा. ज्या घरात दोघांचंही काम चालू असतं, ते घर परक्या गावात लवकर रुळतं.

पुढच्या आठवड्यात : मुलांची शाळा, फीमधली सवलत आणि मध्येच परत यावं लागलं तर इथला प्रवेश.