खसखस आणि अफू: एकाच बोंडातल्या दोन गोष्टी

नोकरीसाठी लघवीची तपासणी ठरली असेल, तर दिवाळीचे अनारसे तीन-चार दिवस बाजूला ठेवलेले बरे. खसखस आणि अफू एकाच झाडापासून मिळतात.

झाडाची रचना पाहिली की घोळ सुटतो. फुलाच्या पाकळ्या गळल्या की मागे गोल बोंड राहते. बोंडाच्या सालीत बारीक चीकवाहिन्या असतात. हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो. तो सुकला की अफू. मॉर्फिन आणि कोडीन या चिकात असतात. आतल्या बियांत, म्हणजे खसखशीत, अशा वाहिन्या नसतात. पण काढणीत बोंडाचा चीक आणि भुसा बियांना बाहेरून लागतो. म्हणून एका पाकिटात मॉर्फिन नावालाच असते, दुसऱ्यात बरेच, आणि नुसते पाहून ते कळत नाही.

धुतल्याने आणि भाजल्याने हे प्रमाण कमी होते. भिजवलेले पाणी मात्र फेकून द्या. स्वयंपाकातल्या चमचाभर खसखशीने सहसा नशा येत नाही, पण लघवीत एक-दोन दिवस मॉर्फिन सापडू शकते. याच कारणाने अमेरिकेने 1998 मध्ये सरकारी नोकरांच्या तपासणीतली मर्यादा मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. सगळीकडे मर्यादा इतकी सैल नसते. खसखस खाल्ली असेल तर नमुना देण्याआधीच सांगा. अहवाल आल्यावर सांगितले तर ती सबब वाटते.

दुबईला मुलाकडे निघाला असाल तर बॅग पुन्हा तपासा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, सिंगापूरमध्येही. काही घरांच्या गोड्या मसाल्यात ती असते, हे पटकन लक्षात येत नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बाळ शांत झोपावे म्हणून खसखशीचे पाणी किंवा बोंडे उकळून काढा देणारी घरे अजून आहेत. हे कधीही करू नका. बोंडाच्या काढ्यात मॉर्फिन उतरते आणि लहान बाळाचा श्वास त्याने मंदावतो. बाळ उठवूनही उठत नसेल, श्वास संथ असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि काय दिले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या विषावर उतारा आहे.