‘फुल टाइट’चा हट्ट

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. तेव्हापासून जो तो टायरबद्दल बोलतोय. घासलाय का, हवा किती ठेवायची, नायट्रोजन भरावा का. ज्या चार-पाच नटांच्या भरवशावर ते चाक ताशी १२०च्या वेगाने धावणार, त्यांची चौकशी मात्र कुणी करत नाही. मलाही ती सुचली नसती, पण आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने बॅटरीवरची गन घेतली.

गन म्हणजे कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच. कॉम्प्रेसर नको, नळी नको. कडाकडा आवाज, दोन-चार सेकंद, की नट बसला. ‘काका, फुल टाइट केलंय!’ मी मान डोलावली आणि निघालो.

या गनेच्या आत एक छोटा हातोडा असतो. नट अडला, की तो स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि ऐरणीवर आदळतो. असं मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. सगळा तडाखा नटात जातो, मनगटाला फारसं काही जाणवत नाही. गंजून बसलेला नट सोडवायला याच्याइतकं गुणी अवजार नाही, हे मान्यच. आवळताना मात्र हाच गुण नडतो, कारण नट किती आवळला गेला हे हाताला कळतच नाही. छोट्या मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. अर्धा इंची गन सहज ३०० देते, दणकट असेल तर हजाराच्याही पुढे जाते. त्यातही बॅटरी किती भरलेली आहे, गोटी किती झिजली आहे, बोट ट्रिगरवर किती वेळ राहिलं, यावर दर नटाला वेगळा हिशेब.

पण जास्त आवळलं तर बिघडलं कुठे? आवळणं म्हणजे बोल्टला ताणणं. बोल्ट केसभर लांबतो, परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबलेलं राहतं. लावलेल्या जोराचा सुमारे नव्वद टक्के हिस्सा घर्षणच खातं, नटाच्या बुडाखाली आणि आट्यांमध्ये. ताणासाठी उरतो जेमतेम दहावा भाग. म्हणूनच आट्यांना ऑइल लावण्याची आपली लाडकी सवय घातक. घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो.

नट मुळात सैल का होतो, याचा छडा लावणारा गेरहार्ड युंकर हा जर्मन इंजिनिअर माझा नवा नायक आहे. बोल्टने जोडलेले भाग त्याने आडवे, मागे-पुढे सरकवले आणि बोल्टमधला ताण मोजत राहिला. १९६९ साली त्याने निष्कर्ष मांडला : जोडलेले भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, की आट्यांतली पकड सुटते आणि नट आपला आपण उलटा फिरतो. बोल्टच्या चाचणीला आजही त्याचंच नाव आहे. म्हणजे ताण इतका हवा की चाक हबवर घसरता कामा नये. पण मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट कायमचा लांबतो, त्याची ओढ बिघडते. ‘फुल टाइट’चा शेवट असा सैल होण्यातही होऊ शकतो.

शिवाय स्टेपनी बदलायची वेळ रस्त्यातच येते. गाडीतला पाना २५ सेंटिमीटरचा धरला आणि ७० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला, तर जोर होतो १७० न्यूटन-मीटर. नट ३००ला आवळला असेल तर तो माणूस पान्यावर नुसता उभाच राहणार.

काही दुकानांत गन चालवून झाल्यावर टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की वाजणारा पाना, लावतात आणि ‘टिक्’ असा आवाज ऐकवतात. आपण खूश. पण नट आधीच दुप्पट आवळलेला असला तरी पाना टिक् करणारच! ती टिक् खरी व्हायची, तर नट आधी सैल केलेला हवा.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचे. मग गन सर्वांत कमी जोरावर, तीही नट टेकेपर्यंतच. एकाला लागून दुसरा न आवळता समोरासमोरचे घ्यायचे. चाक जमिनीला टेकवून शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायचा. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

हे सगळं वाचून परवा मी आमच्या पंक्चरवाल्याकडे टॉर्क पाना घेऊन गेलो. म्हटलं, सगळे नट सैल कर, पुन्हा लावू. माझ्या समाधानासाठी त्याने आधी गाडीतल्याच पान्याने प्रयत्न केला. हाताने झालं नाही, तेव्हा वर उभा राहिला. मग हसत गन आणायला आत गेला.