शंखखेकड्याची टाकी : ऊब वेगळी, उजेड वेगळा

आजचा विषय जरा छोट्या जिवाचा आहे. हर्मिट क्रॅब. मराठीत कुणी त्याला शंखखेकडा म्हणतं, कुणी संन्यासी खेकडा. मी शंखखेकडाच म्हणणार, कारण संन्यास घ्यावा असं त्याच्यात मला काही दिसलेलं नाही. पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग असताना रात्री किनाऱ्यावर यांचे जथेच्या जथे हिंडताना आणि चांगल्या शंखावरून एकमेकांशी भांडताना मी भरपूर पाहिलेत. तो एकांतात राहणारा प्राणी नाही आणि कोरड्यात राहणारा तर मुळीच नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. किनाऱ्यावरून खेकडा उचलून घरी आणू नका. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, उदाहरणार्थ वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात, तो गुन्हाच आहे. याच कुळातला मोठा नारळखेकडा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात, त्यामुळं घरात पैदास करणं फार अवघड. दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेलाच असतो. तेव्हा आजचं बोलणं नव्यानं आणणाऱ्यांसाठी नाही, ज्यांच्या घरी तो आधीच येऊन बसला आहे त्यांच्यासाठी आहे. दिल्ली, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, बडोदा, कुठं कुठं नातवंडांच्या हट्टापायी तो आपल्या घरांत पोचला आहे. निसर्गात हा प्राणी तीस वर्षांच्या घरात जगू शकतो. घरात तो बहुतेक वेळा काही महिन्यांत जातो, आणि घरच्यांना वाटतं की एवढंच आयुष्य असेल बिचाऱ्याचं.

तसं नाही. तो गुदमरून मेलेला असतो.

शंखखेकडा जमिनीवर राहत असला तरी श्वास घेतो तो कल्ल्यांनी. हे कल्ले ओलसर राहिले तरच हवेतला प्राणवायू आत जातो. त्यासाठी भोवतालच्या हवेत आर्द्रता साधारण 75 ते 85 टक्के लागते. ती 50 टक्क्यांवर आली तर खेकडा लगेच मरत नाही, आणि हीच खरी फसगत. तो हळूहळू मंदावतो, खाणं सोडतो, एका कोपऱ्यात बसून राहतो. आठवडे जातात. घरचे म्हणतात, "शांत आहे हो आमचा." तो शांत नाही, त्याचा दम चालला आहे.

आता ऊब. त्याला 24 ते 29 अंश सेल्सियस लागतं. आपल्याकडं यावर पहिला तोडगा निघतो तो बल्बचा. टाकीवर टेबललॅम्प ठेवायचा, 60 वॅटचा पिवळा बल्ब लावायचा, उजेडही झाला आणि ऊबही. एका खर्चात दोन कामं. इथंच सगळं बिघडतं. बल्ब वरून हवा भाजतो आणि कोरडी करतो. तो रात्री चालू ठेवला तर खेकड्याला रात्र मिळत नाही, बंद केला तर ऊब मिळत नाही. उजेड बारा तासांचा हवा आणि ऊब चोवीस तासांची हवी. दोन खाती वेगळी, दोन संत्री वेगळे. एकाच शिपायाला दोन ड्यूट्या दिल्या की तो दोन्हीकडं झोपतो.

हवा गरम केल्यावर कोरडी का होते, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. 15 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 13 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. 27 अंशांना तेवढ्याच हवेत 26 ग्रॅमच्या जवळपास मावते. म्हणजे हिवाळ्यात दिल्लीच्या खोलीतली 15 अंशांची, अगदी धुक्यासारखी 100 टक्के ओली हवा तुम्ही टाकीत 27 पर्यंत तापवलीत आणि पाणी घातलं नाहीत, तर आर्द्रता थेट 50 टक्के होते. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो, हवेची मागणी दुप्पट झालेली असते. तेव्हा ऊब द्यायची म्हणजे सोबत पाणी द्यायचं आणि ते पळू द्यायचं नाही. टाकीवर जाळी नको, काचेचं झाकण हवं, एका कडेला अगदी बारीक फट ठेवून. झाकण रोज उघडलं जातंच, तेवढी हवा पुरते.

पाण्याचा खरा साठा असतो वाळूत. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट, आणि पाणी एवढंच की मुठीत दाबल्यावर किल्ला उभा राहावा पण पाणी गळू नये. थर किमान 15 सेंटीमीटर, आणि सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. दोन्हींत जे जास्त ते. 60 बाय 30 सेंटीमीटर तळाच्या टाकीत 18 सेंटीमीटर थर म्हणजे बत्तीस लिटर ओला माल, वजन पन्नास किलोच्या घरात. खेळण्याच्या टेबलावर हे ठेवायचं नाही. आणि टाकी 40 सेंटीमीटर तरी उंच घ्या, नाहीतर वाळू भरल्यावर वर हवेला जागाच उरत नाही.

एवढी खोल वाळू कशासाठी? कात टाकायला. शंखखेकडा वाढण्यासाठी वाळूत खोल जातो, तिथं ओलसर पोकळी करतो आणि जुनं कवच टाकून नवं धरतो. लहान असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर काही महिने तो दिसतच नाही. या काळात त्याचं अंग मऊ असतं, त्याला पळता येत नाही. हे लक्षात ठेवा आणि आता हीट मॅटकडं या.

हीट मॅट म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यासारखी गरम होणारी पट्टी. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकतात, 20-25 वॅटची या टाकीला बरी. पाकिटावर बहुधा चित्र असतं की ती टाकीच्या खाली चिकटवा. शंखखेकड्यासाठी हे चित्र घातक आहे. दिल्लीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडं तीन खेकडे होते. जानेवारीत त्यांनी खालून मॅट लावली. वर थर्मामीटर 22 दाखवत होता, म्हणून थर्मोस्टॅट न लावता ती रात्रंदिवस चालू ठेवली. ओली वाळू उष्णता वर सोडायला वेळ घेते, त्यामुळं सगळी आच तळाशी साचली, खालचा थर सुकला. दोन खेकडे कात टाकायला खाली गेले होते. प्राण्याचा निसर्ग सांगतो की उकडलं तर खोल जा, खाली गारवा असतो. इथं खाली तवा होता. ते वर आलेच नाहीत. पुढं वास आला तेव्हा कळलं. त्यांच्या नातीला काय सांगायचं, हा प्रश्न सहकाऱ्यांनी मला विचारला होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मॅटची जागा मागच्या काचेवर, बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर. ती हवा तापवते, वाळूला आपोआप थोडी ऊब पोचते आणि खालचा थर गार व ओला राहतो. मागची पूर्ण काच झाकू नका, एका बाजूची तिसरा हिस्सा मोकळी सोडा. म्हणजे एक टोक 28, दुसरं 24-25 राहतं आणि खेकडा आपल्याला हवं तिथं जाऊन बसतो. त्याला निवडू द्या, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायची नाही, याला अपवाद नाही. त्याचा सेन्सर टाकीच्या आत, उबदार टोकाला, वाळूच्या थोडा वर काचेला पक्का बसवा. वायरवरून खेकडे चढतात, ओढतात, म्हणून ती नळीतून न्या. सेन्सर निसटून बाहेर लोंबकळला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून थंडीच आहे, आणि तो मॅट तापवतच राहतो. यासाठी दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला डिजिटल थर्मामीटर आत हवाच. एकाच चौकीच्या खबरीवर कुणी तोफ डागत नाही.

हायग्रोमीटरही तपासून घ्या, स्वस्तातले यंत्र दहा-पंधरा टक्के बिनधास्त खोटं बोलतं. उपाय स्वयंपाकघरातला आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ते ओलं करा, विरघळवू नका. हे झाकण आणि यंत्र हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 यायला हवा, कारण ओल्या मिठावरची बंद हवा तिथंच स्थिरावते. 68 दिसला तर तुमचं यंत्र सात कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं.

उजेडाचं काम सोपं आहे, म्हणून थोडक्यात. पाच-सहा वॅटची पांढरी एलईडी पट्टी झाकणाच्या वर, टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात. हे प्राणी विषुववृत्ताजवळचे. अंदमानात वर्षभर दिवस साधारण साडेअकरा ते पावणेतेरा तासांच्या मध्येच असतो, म्हणून बारा तास हा आकडा. ते रात्री हिंडतात, म्हणून उजेड नकोच असं नाही. दिवस झाल्याशिवाय त्यांना रात्र कळत नाही. लाल आणि निळे 'रात्रीचे बल्ब' विकले जातात, ते घेऊ नका. मॅटला उजेड नसतो, मग रात्री बल्ब हवाच कशाला? यूव्हीबी दिव्याबद्दल पाळणाऱ्यांत दोन मतं आहेत. मी तो आवश्यक मानत नाही. लावायचाच असेल तर कमी ताकदीचा, काचेच्या आतल्या बाजूला आणि खाली सावलीच्या जागा ठेवून. काचेच्या वरून लावलात तर यूव्हीबी काचेतच अडतं, बिल मात्र येतं. आणि खिडकीतलं थेट ऊन कधीच नको. बंद काचेची पेटी उन्हात किती लवकर तापते, ते मे महिन्यात मोटार पार्क करणाऱ्याला सांगायला नको.

मे महिन्यावरून आठवलं. वर सांगितलेली मॅट चेन्नई-कोचीकडच्या श्रोत्यांना बहुधा कधीच लागणार नाही, बंगळुरूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागेल. डेहराडून, चंदीगड, दिल्लीला हिवाळ्यात मॅट एकटी पुरत नाही. टाकी घराच्या आतल्या खोलीत हलवा आणि बाहेरून तीन बाजूंना बुडबुड्यांची चंदेरी शीट लावा. इंदूर, नागपूर, जबलपूरला प्रश्न उलटा आहे, खोलीच 36 अंश. तिथं मॅटचा प्लग काढून ठेवा, नुसता थर्मोस्टॅटवर भरवसा नको. 32 च्या वर काटा गेला की धोका सुरू. खेकड्याच्या अंगातून तपकिरी पाणी येणं, कुबट वास, हातपाय लुळे पडणं ही अति उष्णतेची लक्षणं आहेत आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. वाळ्याचा कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवा, हवा गारही आणि ओलीही. एसी चालेल, झाकण बंद असलं की आतलं पाणी तो ओढत नाही. कूलर नसेल तर बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. आत बर्फ टाकायचा नाही.

वायरिंगबद्दल दोन शब्द. काचेवर पाणी जमतं, ते वायरवरून ओघळतं. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी प्लगच्या खाली एकदा लोंबू द्या, म्हणजे थेंब तिथंच गळतील. त्या सर्किटला आरसीसीबी हवा. 20 वॅटची मॅट अखंड चालली तरी दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी खाते, म्हणून ती इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला हरकत नाही. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर टाकीवर रजई टाका. पन्नास किलो ओली वाळू काही तास ऊब धरून ठेवते, तेवढ्यात लाइट येते.

सगळं बसवल्यावर खेकडे आत सोडण्याआधी रिकामी टाकी आठवडाभर चालवा आणि सकाळ, दुपार, पहाट असे तिन्ही वेळचे आकडे वहीत लिहा. पहाटे चारचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मला या वयात त्या वेळी जाग येतेच, तुम्ही गजर लावा. आणि खेकडा महिनाभर दिसला नाही तरी वाळू उकरू नका. हैदराबादच्या एका ताईंनी विचारलं होतं, "जिवंत आहे की नाही, कळणार कसं?" ताई, वास नाक सांगतं. वास नाही, काटा 26 वर आणि आर्द्रता 80 वर आहे, तर तो खाली आपलं काम करतो आहे.

पुढच्या भागात पाण्याच्या दोन वाट्या, एक गोडी आणि एक खारी, आणि खाऱ्या वाटीत जेवणातलं मीठ का चालत नाही ते पाहू.