बंदीतला थकलेला हप्ता इंदूरच्या सांवेर रोडवरही दिसतो

मंडळी, समजा तुमचा पुतण्या कामासाठी इंदूरला गेलाय, सांवेर रोडच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात लागलाय. तिथल्या बँकेत तो मोटारसायकलसाठी कर्ज मागतो आणि साहेब सांगतात, तुमच्या रिपोर्टवर बोटीच्या इंजिनाची थकबाकी दिसतेय. पोराच्या नावावर ना बोट, ना इंजिन. काकांच्या कर्जाला त्याने जामीनदार म्हणून सही केली होती, एवढंच!

उदाहरण आम्ही रचलेलं आहे, पण घडतं ते असंच. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं. आपल्याकडे एकमेकांना जामीन राहणं म्हणजे शेजारधर्म. सही जरूर करा, पण हप्ते वेळेवर जातात की नाही, हेही अधूनमधून विचारत जा.

आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो. खरं तर अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 2005 च्या कायद्याखाली त्या चालतात आणि बँकांना, फायनान्स कंपन्यांना चौघींकडेही माहिती पाठवावी लागते. या कंपन्या मनाने काही लिहीत नाहीत. कर्ज किती, बाकी किती, हप्ता किती दिवस थकला, हे कर्ज देणारा कळवतो, तेच तिथे चढतं. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. 1 जानेवारी 2025 पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली.

आता आपलं दुखणं बघा. 1 जून ते 31 जुलै बंदी, 61 दिवस बोट किनाऱ्याला. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. 5 जूनचा हप्ता राहिला तर 31 जुलैला तो 56 दिवस थकलेला असतो. ऑगस्टमध्ये हाती आलेले पैसे आधी डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या उचलीत जातात. 3 सप्टेंबरला 90 दिवस भरतात, आणि तोवर हप्ता भरला नाही तर साध्या मासिक हप्त्याचं खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीएमध्ये जातं. नाखव्याची नियत चांगली होती की वाईट, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नाहीच. म्हणून बोलायचं ते कर्ज मंजूर होण्याआधी: हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्या, जून-जुलै मोकळा ठेवा. बँक देईलच असं नाही, पण सही झाल्यावर मागण्यापेक्षा हे सोपं.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल तुम्ही वीस वर्षं चोख फेडली असेल, तरी तिची नोंद कुठेच नाही. सगळ्या पतसंस्थाही या व्यवस्थेत नाहीत. त्यामुळे पै-पै फेडणारा माणूस बँकेच्या लेखी कोरा कागद. मात्र पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. मासळी विकणाऱ्या बायकांनी गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं असेल, तर त्याची नोंद मात्र होते.

‘सेटलमेंट’ला भुलू नका. थोडी रक्कम सोडून देऊन खातं मिटवलं तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ येतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढची बँक त्यावरच बोट ठेवते. पूर्ण फेडलंत तर ना-हरकत दाखला घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट बघा.

रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. स्कोअर वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. चूक दिसली तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा व पोच ठेवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आपल्या कोळीवाड्यात एकाच नाव-आडनावाची चार-पाच माणसं सहज सापडतात. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की आधी पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर तपासा, मग कर्जांची यादी वाचा.