छावणीत पाहिलेला ‘पीपली लाइव्ह’

एकच चित्रपट मी दोन ठिकाणी पाहिला. दोन्हीकडे माणसं पोट धरून हसली, पण एकाच जागी हसली नाहीत. आज मला बोलायचं आहे ते या हसण्याच्या जागांबद्दल.

चित्रपट होता ‘पीपली लाइव्ह’. पहिल्यांदा पाहिला २०१० च्या ऑगस्टमध्ये, बारामतीला, थिएटरात तिकीट काढून. दुसऱ्यांदा २०१३ च्या एप्रिलमध्ये, इंदापूर तालुक्यातल्या एका चारा छावणीत. पडदा म्हणजे लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड. मागे जनावरं रवंथ करताहेत, पुढे बायामाणसं, म्हातारी माणसं, शाळेला सुट्टी लागायची वाट बघणारी पोरं. दुष्काळात घरटी एक माणूस जनावरांपाशी छावणीत मुक्कामाला असायचा. संध्याकाळी भजन, कधी कीर्तन, आणि त्या रात्री पिक्चर.

बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस आणि पाणी दिसतं. ते खोटं नाही. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतो आहे. पण त्याच तालुक्यात मोरगाव-सुप्याकडचा जिरायत पट्टा आहे, आणि शेजारच्या इंदापुरात ‘बावीस गावांचा पाणीप्रश्न’ हा शब्दप्रयोग इतका जुना झाला आहे की आमच्याकडे एखादं काम रखडलं तरी लोक त्याला बावीस गावं म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात जे ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. पुण्याच्या एका स्नेह्यांना मी हे फोनवर सांगितलं, तर ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद करतोय.

इंग्रजी आपत्तीपटात संकट एका रात्रीत येतं. लाट उसळते, ज्वालामुखी फुटतो. आपल्याकडचं संकट पायी चालत येतं आणि वाटेत प्रत्येक कचेरीत थांबतं. तेव्हा आधी पैसेवारी लागायची, ती ५० पैशांच्या आत यावी लागायची. मधला एक टप्पा ‘दुष्काळसदृश परिस्थिती’चा. २०१५ मध्ये सरकारनं चौदा हजारांवर गावांत अशी परिस्थिती जाहीर केली होती. कवी म्हणून उपमांशी माझा रोजचा संबंध, पण वाळलेल्या विहिरीला ‘दुष्काळासारखी’ म्हणणारी उपमा मला कधी सुचली नसती. अशा संकटावर चित्रपट काढायचा तर तो उपरोधिकच होणार. कागदच तसे आहेत.

अनुषा रिझवी यांच्या या चित्रपटाची गोष्ट अनेकांना आठवत असेल. नत्था आणि बुधिया हे दोघे भाऊ. बँकेच्या कर्जापायी जमीन जाणार. कुणीतरी सांगतं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार एक लाख रुपये देतं. मग मरायचं कुणी, यावर दोघा भावांची बोलणी होतात, आणि थोरला धाकट्याला अलगद तयार करतो. तेवढ्यात पोटनिवडणूक येते, बातमी फुटते आणि टीव्हीच्या गाड्या गावात घुसतात. नत्था मरणार की नाही, यावर देश पैजा लावल्यासारखा बघत बसतो.

छावणीतल्या पोरांनी भिगवणहून प्रोजेक्टर आणला होता. मला बोलावणं आलं ते काही कवी म्हणून नव्हे. चित्रपटातली हिंदी खेड्यातली, बुंदेली वळणाची. ‘चाचा, तुमी कडंला उभं राहून सांगा, बायकांना कळंल,’ असं पोरांचं म्हणणं. मुसलमानाला हिंदी येतेच, हा आपल्याकडचा जुना समज. आमच्या घरात दखनी बोलतात, आणि नत्थाची हिंदी मलाही निम्मीशिम्मीच कळत होती. पण माइक हातात आला की कवी नाही म्हणत नाही. उभा राहिलो.

बारामतीच्या थिएटरात सगळ्यात मोठा हशा कुठे झाला होता, ते मला पक्कं आठवत होतं. नत्था परसाकडे जातो, कॅमेरे त्याच्या मागे लागतात, आणि एक वार्ताहर त्याच्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो. थिएटर कोसळायचं बाकी होतं. मीही रुमाल डोळ्यांना लावला होता. छावणीत ती जागा आली तेव्हा मी हसण्यासाठी थांबलो, माइक खाली घेतला. पोरं खिदळली, बाकी कुणी नाही. पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘माणसाला आडोशाला बी जाऊ देईनात.’ छावणीत बायकांना आडोसा किती होता, हे मी त्याआधी कधी मनावर घेतलं नव्हतं.

उलट हातपंपाच्या जागी. एक अधिकारी येतो आणि मदत म्हणून नत्थाच्या दारात ‘लाल बहादूर’ योजनेतला हातपंप ठेवून जातो. नुसता पंप. बसवून नव्हे. थिएटरात यावर स्मितहास्य झालं होतं. छावणीत अशी हसण्याची लाट उठली की दावणीची जनावरं बिचकली. मी एक शब्द सांगितला नव्हता. म्हातारी माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. ‘परत दाव, परत दाव’ असा गलका झाला आणि पोरांना तो भाग दोनदा लावावा लागला. छावणीच्या तोंडाशीच पाण्याची एक काळी टाकी चार आठवड्यांपासून उभी होती. तिला नळ होता, तोटी होती, आणि आत पाणी सोडून सगळं होतं.

तिसरी जागा होरी महतोची. एक हडकुळा माणूस रोज खड्डा खणतो, माती विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे जिवंत नत्थावर रोखलेले, मेलेल्या होरीकडे कुणाचं लक्ष नाही. प्रेमचंदांच्या ‘गोदान’च्या नायकाचं नाव होरी. ही खूण थिएटरात मला ओळखू आली आणि ती ओळखल्याचा थोडा आनंदही झाला. छावणीत ‘गोदान’ कुणी वाचलेलं नव्हतं. पण होरीच्या प्रत्येक कुदळीला लोक गप्प होत गेले.

हा चित्रपट आला तेव्हा विदर्भातून त्याला विरोध झाला होता. विदर्भ जनआंदोलन समितीनं बंदीची मागणी केली. शेतकरी भरपाईच्या पैशांसाठी मरतो असं चित्र उभं राहतं, ही मरणाची चेष्टा आहे, हा आक्षेप होता. इकडे शहरांत तोच चित्रपट वाखाणला गेला, भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. तेव्हा मी एका कार्यक्रमात ऐटीत म्हणालो होतो की, या मंडळींना उपरोध कळत नाही. उर्दूत दोन शब्द आहेत, तंज आणि मिझाह. मिझाह म्हणजे गंमत. तंज म्हणजे बोचणारं बोलणं, आणि ते बोचायला हवं मोठ्या माणसाला. आपल्या वगातला सोंगाड्या राजाला टोमणे मारतो, शिपायाला मारता मारता राजाला मारतो, तसं. ‘पीपली’चा टोमणा सरकारला आणि टीव्हीला आहे, नत्थाला नाही, असं माझं स्पष्टीकरण. ते आजही मला चूक वाटत नाही. फक्त ज्याच्या अंगावरून टोमणा जातो, त्याला त्याचा वारा लागतोच, हे मला छावणीत कळलं.

आणखी एक चित्रपट याच विषयावर आधीच, २००९ मध्ये आला होता. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर आपला नवराही करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागे लावते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ते असं केलं आहे की हसू येतं आणि आल्याबरोबर घशात अडकतं. मला तो ‘पीपली’पेक्षा सरस वाटतो, कारण त्यात मरणाची भीती घरातल्या बाईच्या नजरेतून येते. पण छावणीत तो मिळाला नाही, आणि बाजारात सीडी मिळाली ती ‘पीपली’ची.

त्याच एप्रिलमध्ये, ६ तारखेला, इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीला एका सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलले ते वाक्य देशभर गाजलं. सोलापूरचे एक शेतकरी कार्यकर्ते उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. धरणात पाणी नाही तर सोडायचं कुठून, असं म्हणता म्हणता लघवीचा उल्लेख आला. पुढे पवारांनी जाहीर माफी मागितली, १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश म्हणून बसले. मी इथे राजकारण उकरत नाही. विनोदाचा अभ्यास म्हणून सांगतो. तेच वाक्य छावणीतल्या एखाद्या म्हाताऱ्यानं चिलीम ओढता ओढता म्हटलं असतं, तर आम्ही हसलो असतो आणि विसरलो असतो. शब्द तेच राहिले असते, फक्त ते खालून वर गेले असते.

पण वर आणि खाली एवढी सोपी मांडणीही पुरत नाही. मी कुठे बसतो? उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी त्याच्या खाली गेलं की धरण ‘उणे’ झालं म्हणतात. जगात वजा पाणी मोजणारे आम्हीच असू. धरण उणे गेलं की बुडालेल्या जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं, आणि ते बघायला गाड्या भरून माणसं येतात. भेळवाले लागतात. पीपलीत नत्थाच्या दारात भरते तशीच जत्रा. मीसुद्धा घरच्यांना घेऊन गेलो, फोटो काढले, आल्यावर त्यावर कविता लिहिली आणि ती कविसंमेलनांत वाचली. टाळ्या मिळाल्या, मानधनही मिळालं. तेव्हा चित्रपटातल्या त्या वार्ताहरांवर मी फार जोरात हसणं बरं नव्हे.

२०२१ च्या डिसेंबरात ‘डोन्ट लुक अप’ आला. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, दोघं शास्त्रज्ञ ओरडून सांगताहेत, आणि टीव्हीवरचे निवेदक त्यांना हसतमुखानं विनोदी काहीतरी बोलायला सांगताहेत. मुलीनं लावून दिला आणि म्हणाली, ‘अब्बा, हा तुमचा पीपलीच आहे, फक्त इंग्रजीत.’ त्या चित्रपटावरही अशीच फूट पडली. बऱ्याच समीक्षकांना तो आरडाओरडा करणारा, उथळ वाटला. हवामानावर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी मात्र लिहिलं की, हे अगदी आमच्यासोबत होतं तसंच आहे. चित्रपट तोच, पण त्यांनी स्वतः त्या स्टुडिओतल्या खुर्चीत बसून पाहिलं होतं.

आता छावणीतली एक गोष्ट राहिली. दोघा भावांची ती बोलणी पडद्यावर आली, मरायचं कुणी याची. थिएटरात इथे खसखस पिकली होती. इथे मला ती मराठीत सांगायची होती, मोठ्यानं, माइकवर. ‘सरकार मेल्यावर लाख रुपये देतं’ हे वाक्य माझ्या तोंडात आलं आणि मला समोर तिसऱ्या ओळीत बसलेला एक माणूस दिसला. त्याचा थोरला भाऊ आदल्या वर्षी तसाच गेला होता. आपल्याकडे ही मदत २००६ च्या शासन निर्णयापासून आहे. लाखातले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्याआधी नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर सिद्ध व्हावं लागतं, आणि मग समिती ठरवते की आत्महत्या पात्र की अपात्र. त्याच्या भावाचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. कर्ज होतं, पण हातउसनं.

मी वाक्य गिळलं. ‘दोघं भाऊ घरातलं काहीतरी बोलताहेत,’ असं म्हणालो. कुणी फसलं नाही. तो उठला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि दावणीकडे गेला.

सकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात त्यानंच विचारलं, ‘चाचा, त्या नत्थाला शेवटी पात्र केला का?’

मी म्हणालो, ‘न्हाय. गोदामाला आग लागली, त्यात तो मेला असं धरलं. अपघात म्हणाले, आत्महत्या न्हाय. म्हणून पैसं न्हाय.’

तो क्षणभर बघत राहिला आणि मग हसायला लागला. चहा सांडेपर्यंत हसला. ‘मंग बराबर हाय पिच्चर,’ म्हणाला. नंतर कप खाली ठेवून विचारलं, ‘धरलं म्हंजी? मेला न्हाय व्हय त्यो?’

‘न्हाय. पळून गेला. लांब दिल्लीकडं, बिल्डिंगच्या कामावर मजूर म्हणून.’

‘आन् जळाला त्यो कोण?’

‘एक बातमीदार. तिकडचाच, छोट्या पेपरातला. त्याचं कुणाला कळतच न्हाय.’

‘त्येच्या घरी तरी कुणी सांगायचं का न्हाय,’ असं म्हणत त्यानं टॉवेल झटकला आणि वाढ्यांचा ट्रॅक्टर आला होता, तिकडे गेला.