मुलाच्या बाजूने कोण उभे आहे?

१९६४ साली अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलावर आळ आला की त्याने शेजारणीला फोन करून अश्लील भाषा वापरली. तक्रारदार बाई न्यायाधीशांपुढे आलीच नाही. साक्षीजबाब कुणी धड लिहून ठेवले नाहीत आणि मुलाला वकील नव्हता. रवानगी थेट सुधारगृहात, तीही एकविसावे सरेपर्यंत. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. बालन्यायालय मुलाच्या भल्यासाठीच असते, तिथे वकिलाचे काय काम, अशी तेव्हाची समजूत होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली आणि अशा मुलांना वकिलाचा हक्क दिला.

हक्क कागदावर आला, वकील मात्र सगळीकडे पोचला नाही. कायद्याचे अभ्यासक बॅरी फेल्ड यांनी १९८८ मध्ये सहा राज्यांची आकडेवारी तपासली. तीन राज्यांत जेमतेम निम्म्या किंवा त्याहूनही कमी मुलांना वकील होता. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे वकील असलेल्या मुलांनाच कडक शिक्षा होत होती! गुन्ह्याचे गांभीर्य जमेस धरूनही फरक उरलाच. मुलाला आत पाठवायचे मनात ठरले की मगच न्यायाधीश वकील नेमत असावेत, हे एक स्पष्टीकरण. दुसरे मला जास्त पटते: कामाच्या ओझ्याखाली वाकलेला, मुलाला ऐनवेळी भेटणारा वकील फक्त हजेरी लावतो.

तरी वकील अजिबात नसण्याची किंमत पेनसिल्वेनियाच्या लुझर्न काउंटीत दिसली. तिथे मुलांकडून ‘वकील नको’ असे वदवून घेत आणि काही मिनिटांत शिक्षा सुनावत. खासगी कोठडीगृहाशी संबंधित लोकांकडून दोन न्यायाधीशांनी लाखो डॉलर घेतले होते. २००९ मध्ये हजारो मुलांचे निकाल रद्द झाले.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळाने मुलाला विधी सेवा संस्थेमार्फत कायदेशीर मदत मिळवून द्यायची असते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक चाचपणी करते आणि खटला मोठ्यांसारखा चालवण्याची वाट तिथून उघडू शकते. अशा वेळी वकिलाने आधी शाळेचा दाखला शोधावा. वय सोळाच्या आत निघाले, तर ही चाचपणीच होत नाही.